बसच्या खिडकीतून: गाळ, गाईड आणि बाबा



आधीच एक कबुली देतो. गेली दहा-बारा वर्षं मी पॅकेज टूरची यथेच्छ टिंगल केलेली आहे. छत्री किंवा झेंडा उंच धरून पुढे चालणारी गाईड, तिच्यामागे गळ्यात पट्टा अडकवलेली चाळीस माणसं, "टेन मिनिट्स फोटो स्टॉप" अशी आरोळी. हे दिसलं की मी आणि बायको एकमेकांकडे बघून हसायचो. आपण कसे, स्वतः एक्सेल शीट करून, स्वतः गाडी भाड्यानं घेऊन फिरणारे लोक! पण यावर्षी आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे इंग्लंडात आले, आणि बाबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मला तुर्कस्तान बघायचंय. आणि बसच्या टूरनं. तुझ्या त्या गाडीत तू नकाशा बघत बसतोस आणि आम्हाला कुणी काही सांगत नाही."

मुद्दा बिनतोड होता. शिवाय बाबांचे गुडघे. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत, पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. निम्मी नोकरी उजनीच्या कालव्यांवर गेली. सामान उचलणं, हॉटेल शोधणं, पार्किंग, यातलं काही नको, असं आईचंही म्हणणं पडलं. तर आम्ही चौघं सहा दिवसांच्या टूरला नाव घालून मोकळे झालो. इस्तंबूल, ट्रॉय, पर्गामॉन, इफेसस, पामुक्काले, आणि इझमीरहून परत.

बसमध्ये आम्ही धरून अडतीस माणसं. ऑस्ट्रेलियातली निवृत्त जोडपी, मलेशियातल्या चार मैत्रिणी, एक अमेरिकन आजोबा (पहिल्या दिवसापासून घड्याळाकडे बघणारे), आणि लेस्टरचं एक गुजराती कुटुंब. आमचा चिवडा विरुद्ध त्यांचे ठेपले, सामना बरोबरीत सुटला. गाईडबाई चाळिशीच्या. तिकडे गाईडला सरकारी परवाना लागतो, आणि बाईंचा अभ्यास खरोखर दांडगा होता. फक्त त्यांच्या हातात एक कागद असायचा आणि त्यावर मिनिटं लिहिलेली असायची.

दिनक्रम असा. सहाला उठवणारा फोन, सातला नाश्ता, पावणेआठला बॅगा खोलीबाहेर, आठला बस सुटली. रोज दोन रांगा मागे सरकायचं, म्हणजे खिडकी सगळ्यांना मिळते. आई म्हणाली, "शाळेत पण असंच करायचे की बाकांचं." शाकाहारी मंडळींसाठी सांगतो, उपासमार होत नाही. मसूर डाळीचं सूप सगळीकडे मिळतं, ते म्हणजे फोडणी विसरलेली आमटी. आयरान म्हणजे आपलं खारं ताक. गोझलेमे म्हणजे पातळ पोळीत पालक किंवा चीज भरून तव्यावर भाजलेला प्रकार. आईनं दुसऱ्या दिवशीच त्यात लसणाची चटणी घालून त्याला घरचं करून टाकलं.

बाबांना मात्र खाण्यापेक्षा भाषेत मजा आली. हॉटेलात बिल मागायचं तर तिथे 'हेसाप' म्हणतात. बाबांनी मला कोपरानं ढोसलं, "अरे, हिशेब!" मग त्यांना नादच लागला. दुकानाला 'दुक्कान', आठवड्याला 'हाफ्ता', वहीला 'देफ्तेर', तारखेला 'तारिह', वरकडीला 'बाहशिश'. अरबी-फारसीतून एकीकडे त्यांच्याकडे गेलेले आणि दुसरीकडे आपल्याकडे आलेले हे शब्द. "आयुष्यभर दफ्तर, तारीख आणि हिशेब यातच गेलं माझं," बाबा म्हणाले, "इथे मला नोकरी मिळेल."

दुसऱ्या दिवशी इस्तंबूलहून निघून आम्ही दार्दानेल्सची सामुद्रधुनी ओलांडली. पूर्वी इथे बस बोटीवर चढवून न्यावी लागायची. १८ मार्च २०२२ला इथे झुलता पूल सुरू झाला. दोन मनोऱ्यांमधला गाळा २०२३ मीटर, म्हणजे तुर्की प्रजासत्ताकाच्या शंभरीचं वर्ष. मनोऱ्यांची उंची ३१८ मीटर, म्हणजे मार्चची अठरा तारीख, पहिल्या महायुद्धात १९१५ साली तुर्कांनी दोस्तांचं आरमार इथे परतवलं तो दिवस. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. पूल संपल्यावर म्हणाले, "तारखेसाठी गाळा वाढवायचा म्हणजे डिझाईनवाल्याचं काय झालं असेल!" मंडळी, क्लायंटच्या हट्टापायी आर्किटेक्चर बदलणाऱ्या आपल्यासारख्यांना हे दुःख समजेल.

ट्रॉयबद्दल एक सूचना. सिनेमा बघून जाल तर हिरमोड होईल. २००४च्या चित्रपटातला तो मोठा लाकडी घोडा चानाक्काले गावात समुद्रकाठी उभा आहे, फोटो तिथे काढून घ्या. खऱ्या ट्रॉयला, म्हणजे हिसार्लिकच्या टेकाडावर, एकावर एक नऊ वस्त्यांचे थर आहेत आणि बघणाऱ्याला ते सगळे दगडांचे ढीगच वाटतात. हाइनरिश श्लीमान या जर्मन व्यापाऱ्यानं १८७०च्या दशकात इथे मधोमध प्रचंड मोठा चर खणला. होमरचं ट्रॉय तळाशी असणार, ही त्याची खात्री. सापडलेलं सोनं त्यानं 'प्रियाम राजाचा खजिना' म्हणून जाहीर केलं. पुढे कळलं की तो थर ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ मानतात त्याच्याही हजारेक वर्षं आधीचा आहे. आणि हव्या असलेल्या थराचा बराच भाग त्यानं घाईत खणून बाहेर फेकून दिला होता. तो खजिना दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनहून मॉस्कोला गेला, तो अजून तिथेच आहे.

गाईडबाईंनी हे सगळं झकास सांगितलं. सगळे चराचे फोटो काढत होते. बाबा मात्र पाठ फिरवून उत्तरेकडच्या सपाट शेतांकडे बघत उभे. "अहो, इकडे बघा ना," आई म्हणाली. बाबा म्हणाले, "हजार जहाजं आली म्हणतात. ती लागली कुठे? समुद्र तर पार तिकडे दिसतोय."

गाईडबाई खूश झाल्या. जिथे आता शेतं आहेत तिथे एकेकाळी खाडी होती, नद्यांनी गाळ आणून ती भरून टाकली, असं त्यांनी सांगितलं. बाबांनी आणखी काही विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी कागद बघितला आणि झेंडा वर केला. मी म्हणालो, "बाबा, चला, बस सुटेल."

तिसऱ्या दिवशी पर्गामॉन. आजचं बर्गामा. डोंगरमाथ्यावरच्या अवशेषांपर्यंत केबल कारनं जाता येतं, गुडघेवाल्यांची मोठीच सोय. कड्याच्या उतारावर कोरलेलं नाट्यगृह इतकं उभं आहे की आईनं वरून बघितलं आणि माझा दंड घट्ट धरला. झ्यूसच्या जगप्रसिद्ध वेदीचा इथे फक्त चौथरा आणि त्यावर उगवलेली झाडं. वेदीचं शिल्पकाम कार्ल हुमान नावाच्या जर्मन माणसानं १८७८पासून उत्खनन करून बर्लिनला नेलं. हा हुमान मुळात रस्ते बांधायला आलेला इंजिनिअर. बाबा म्हणाले, "आमच्या खात्यातला असता तर आधी खड्ड्याची निविदा काढली असती."

पण बाबांना खरी चटक लागली ती पाण्याची. एवढ्या उंच माथ्यावर राजवाडा, ग्रंथालय, देवळं, पाणी कुठून? गाईडबाईंनी चालता चालता एका वाक्यात सांगितलं की इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात चाळीसेक किलोमीटरवरच्या डोंगरातून पाणी आणलं होतं, आणि शेवटची दरी ते नळातून दाबानं खाली उतरून पुन्हा वर चढायचं. बाबा जागीच थांबले. खालची दरी, समोरचा डोंगर, बोटानं हवेत रेघ. "उलटा सायफन! दीड-दोनशे मीटर हेड असणार. जोड कशाचे होते? गळती कशी थांबवली?"

उत्तर मिळालं नाही, कारण पाऊण तासानं आमचं चामड्याच्या कोटांच्या शोरूमला पोचणं ठरलं होतं. पर्गामॉनच्या माथ्यावर आम्ही होतो जेमतेम सव्वा तास. शोरूममध्ये दीड तास. सफरचंदाचा चहा, फॅशन शो, मग प्रत्येक जोडप्यामागे एक विक्रेता. बाबा कोपऱ्यात स्टुलावर बसून कागदी रुमालावर दरीची आकृती काढत होते. मी बघितलं, आणि इंटरनेट शोधून त्यांना दोन गोष्टी दाखवाव्यात असं मनातही आलं. पण मी ऑफिसच्या ईमेल बघत बसलो.

आता इफेसस. यासाठीच हे सगळं लिहायला बसलो.

बसवाल्या टूरची इथली पद्धत सोयीची आहे. बस वरच्या दाराशी सोडते, उतारानं चालत खाली यायचं, तोवर बस खालच्या दाराशी येऊन थांबते. संगमरवरी फरसबंदी रस्ता, दोन्ही बाजूंना देवळं, हमामखाने, कारंजी, अगदी ओळीनं बसायचं सार्वजनिक शौचालयसुद्धा (सगळ्यात जास्त फोटो त्याचेच). उताराच्या तळाशी सेल्ससचं ग्रंथालय. सेल्सस हा रोमन प्रांताधिकारी. त्याच्या मुलानं बापाच्या स्मरणार्थ दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हे बांधायला घेतलं, आणि सेल्ससला त्याच्याच खाली पुरलं आहे. दर्शनी भिंत भूकंपात कोसळली होती, ती ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी १९७० ते १९७८ या काळात मूळचे तुकडे जुळवून उभी केली. मधले खांब कडेच्या खांबांपेक्षा किंचित मोठे ठेवलेत, त्यामुळे इमारत आहे त्यापेक्षा रुंद भासते. बघताना खरंच मान आपोआप वर जाते.

मी कॅमेरा घेऊन कामाला लागलो. "बाबा, इथे उभे राहा. आई, जरा डावीकडे. हसा." बाबा हसले, आणि त्यांनी गाईडबाईंना विचारलं, "मॅडम, व्हेअर वॉज द हार्बर?" बाईंनी लांबवर हात केला. "नाट्यगृहासमोरून सरळ रस्ता जातो, त्याच्या टोकाला. आता तिथे लव्हाळ्याशिवाय काही नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "काही नाहीये तिकडे, बाबा. चला, अजून नाट्यगृह व्हायचंय."

हे वाक्य माझं आहे, मंडळी, ते तसंच्या तसं लिहितोय.

पंचवीस हजार प्रेक्षक बसतील अशा त्या नाट्यगृहापाशी वीस मिनिटं मोकळी मिळाली, सव्वाअकराला खालच्या दाराशी जमायचं. मी वरच्या पायऱ्यांवर फोटोसाठी गेलो. मला वाटलं बाबा आईबरोबर आहेत. आईला आणि बायकोला वाटलं ते माझ्याबरोबर आहेत. सव्वाअकराला बसमध्ये छत्तीस माणसं मोजून झाली, गाईडबाई दारात, मी खाली उन्हात. बाबांचा फोन आईच्या पर्समध्ये. बीपीची गोळी पण आईच्याच पर्समध्ये.

साडेअकरा झाले. अमेरिकन आजोबांनी घड्याळावर टिचकी मारली. पावणेबारा झाले. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. ऊन असं की फरशीवरून झळा दिसत होत्या. आई एक शब्द बोलत नव्हती, नुसती दाराकडे बघत होती. शेवटी गाईडबाईंनी रखवालदाराला त्यांचं कार्ड दाखवलं आणि मला परत आत सोडायला लावलं. मी धावत सुटलो. आधी नाट्यगृह, मग शौचालय, मग ग्रंथालयापर्यंत परत. शेवटी डोक्यात प्रकाश पडला आणि मी त्या बंदराच्या रस्त्याला लागलो.

हा रस्ता अर्धा किलोमीटर लांब आहे. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, प्राचीन काळी इथे रात्री दिवेही लागायचे. बोटीतून उतरलेला माणूस याच रस्त्यानं गावात शिरायचा. रस्ता जिथे दोरी लावून बंद केला होता, तिथे एका दगडावर, अंजिराच्या झाडाच्या तुटपुंज्या सावलीत, बाबा बसले होते. डोक्यावर रुमाल. शेजारी गवत काढणारा एक कामगार, आणि दोघांचं हातवारे करून काहीतरी चाललेलं.

मला बघून बाबांचा चेहरा उजळला. "अरे ये, ये. ते बघ, ते हिरवं दिसतंय ना सगळं, तिथे पाणी होतं. सगळा गाळ! हा म्हणतोय समुद्र इथून..."

आणि मी ओरडलो. "बाबा, चाळीस माणसं थांबलीयेत तुमच्यासाठी! तुम्हाला कळत कसं नाही? लहान आहात का?"

बाबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. परत येईपर्यंत काही बोलले नाहीत. बसच्या पायऱ्या चढले आणि आपल्या सीटपर्यंत जाताना प्रत्येक रांगेपाशी थांबून म्हणाले, "सॉरी. सॉरी. व्हेरी सॉरी." आमची सीट त्या दिवशी मागून तिसरी होती. दोन रांगा मागे सरकायच्या हिशेबानं.

मराठीतलं माझं ओरडणं बसमध्ये कुणी ऐकलं नव्हतं. पण ती सगळी सॉरी मी ऐकली.

जेवायला थांबलो तेव्हा गाईडबाई ताट घेऊन आमच्या टेबलाशी आल्या. मला वाटलं आता तक्रार. त्यांनी बाबांना विचारलं, "बंदरापाशी तुम्ही काय बघत होतात?" बाबा आधी संकोचले. मग त्यांच्या सरकारी इंग्रजीत म्हणाले, की मी धरणावर काम केलंय, एवढं मोठं बंदर गाळानं भरेपर्यंत इथल्या इंजिनिअर लोकांनी काय केलं ते मला बघायचं होतं.

बाईंनी काटा-चमचा खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. स्ट्रॅबो या भूगोलकारानं ही हकिकत लिहून ठेवली आहे. इफेससच्या बंदरात नदीचा गाळ येऊन उथळ जागा झाल्या होत्या. पर्गामॉनचा राजा दुसरा अटॅलस आणि त्याचे इंजिनिअर यांना वाटलं, बंदराचं तोंड फार रुंद आहे, तिथे बांध घालून ते अरुंद केलं तर मोठी जहाजं आत येण्याइतकी खोली मिळेल. बांध घातला. झालं उलटंच. पूर्वी भरती-ओहोटीबरोबर थोडा गाळ तरी बाहेर जायचा, आता तो आतच अडकला आणि सगळंच बंदर आणखी उथळ झालं.

बाबांनी टेबलावर थाप मारली. "पाण्याचा वेग मेला की गाळ बसणारच! पहिल्या वर्षाचं पोरगंसुद्धा सांगेल." मग कागदी रुमाल आला, पेन आलं, नदी, तोंड, बांध, बाण. शेजारच्या टेबलावरचे ऑस्ट्रेलियन आजोबा खुर्ची सरकवून आले. त्यांच्या शेतावर तळी होती, त्यांचा गाळाचा प्रश्न होता. बाईंनी पुढचंही सांगितलं. नीरोच्या काळात एका अधिकाऱ्यानं गाळ उपसून घेतला. हेड्रियन बादशहाच्या काळात नदी वळवण्याचं काम झालं. शतकानुशतकं उपसत राहिले आणि नदी भरत राहिली. आज समुद्र पाच-सहा किलोमीटरवर आहे. त्यात भूकंप, हल्ले, साचलेल्या पाण्यामुळे हिवताप. लोक हळूहळू शेजारच्या अयासुलुकच्या टेकडीकडे सरकले, तेच आजचं सेल्चुक गाव.

"म्हणजे गाव मेलं नाही, हललं," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "आपल्या पळसदेवसारखं."

उजनीच्या भागातल्या मंडळींना माहीत असेल. भीमेवर उजनीचं धरण झालं, १९८०च्या सुमाराला पाणी अडलं, तेव्हा जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. लोक वर नव्या गावात आले. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक बघायला जातात. बाबांनी ती गावं उठताना बघितली होती. लोक दारांच्या चौकटीसुद्धा काढून बैलगाडीत घालून नेत होते, ते तरुण बाबा कागद घेऊन बाजूला उभे राहून बघत होते. हे मला त्या दिवशी, इफेससजवळच्या एका खानावळीत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. आणि मी त्यांना सांगत होतो की तिकडे बघण्यासारखं काही नाहीये.

त्या रात्री कुशादासीच्या हॉटेलात झोप लागेना. मंडळी, आपण सगळेच हे करतो. आई-वडील येतात, आपण रजा टाकतो, यादी करतो. लंडन आय, बकिंगहॅम पॅलेस, लेक डिस्ट्रिक्ट. इथे उभे राहा, हसा, चला, पार्किंगची वेळ संपतेय. बसच्या गाईडला हसणारा मी घरी हातात झेंडा घेऊनच उभा असतो. फरक एवढाच की त्या बाईंनी जेवताना थांबून विचारलं, तुम्ही काय बघत होतात? मी दहा-बारा वर्षांत हे विचारलेलं नाही. आणि या देशात आई-वडिलांना कायमचं आणायचा व्हिसा मिळणं २०१२च्या नियमांनंतर किती अवघड झालंय, ते मी तुम्हाला सांगायला नको. सहा-सहा महिन्यांच्या अशा भेटी अजून किती होतील, तो हिशेब मी त्या रात्री केला. आकडा लहान होता. लिहीत नाही.

सकाळी नाश्त्याला बाबांना म्हणालो, "काल मी चुकलो." बाबा म्हणाले, "अरे, उशीर माझ्यामुळेच झाला ना." आणि ऑलिव्हची वाटी माझ्याकडे सरकवली. आमच्या घरात माफी एवढ्यावरच मिटते.

पामुक्काले म्हणजे कापसाचा किल्ला. गरम झऱ्यांतल्या चुन्यामुळे अख्खा डोंगर पांढरा झालाय, वर हिएरापोलिस नावाचं रोमन शहर, आणि हजाराच्या वर थडगी असलेली स्मशानभूमी. माझ्या यादीत स्मशानभूमी, नाट्यगृह आणि संग्रहालय होतं. मी यादी खिशात ठेवली आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला काय बघायचंय?"

बाबांना पाण्याचे पाट बघायचे होते. पांढऱ्या कुंडांवरून अनवाणी चालावं लागतं, आईनं साडी खोचली आणि सगळ्यात पुढे निघाली. काही कुंडांत पाणी, काही कोरडी. पाणी आळीपाळीनं वेगवेगळ्या भागांत सोडतात, म्हणजे चुना सगळीकडे सारखा बसतो आणि डोंगर पांढरा राहतो. पूर्वी माथ्यावर हॉटेलं होती, तीही पुढे पाडून टाकली. बाबा काठावर बसून खळखळून हसले. "ही तर शेजपाळी! आधी शेवटच्या शेताला पाणी, मग वर वर यायचं. इथे भांडणं कशी होत नाहीत?" तासभर आम्ही तिथेच बसलो, पाण्यात पाय सोडून. कालव्यावर रात्री-बेरात्री पाणी चोरणाऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या. एकही मी आधी ऐकलेली नव्हती. नाट्यगृह राहिलं, संग्रहालय राहिलं.

बसमध्ये मी फोनवर त्यांना एक चित्र शोधून दिलं. हिएरापोलिसच्या एका शवपेटीच्या झाकणावर तिसऱ्या शतकातलं कोरीव काम आहे. पाणचक्कीच्या चाकानं दगड कापायच्या करवती चालताना दाखवल्यात. फिरण्याचं रूपांतर पुढेमागे करण्यात करणारं, क्रँक आणि दांडा असलेलं, माहीत असलेलं सगळ्यात जुनं यंत्र ते हेच असं मानतात. बाबा इझमीर येईपर्यंत ते चित्र मोठं-छोटं करून बघत होते. उतरताना अमेरिकन आजोबांनाही दाखवलं. ते घड्याळ विसरून दोन मिनिटं बघत राहिले.

आता कामाच्या गोष्टी, जाणाऱ्यांसाठी:

१. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांकडे चालू असलेला ब्रिटन, अमेरिका किंवा शेंगेनचा व्हिसा असेल तर तुर्कस्तानचा व्हिसा ऑनलाईन मिळू शकतो. आई-बाबांचं तसंच झालं. बुकिंग करण्याआधी नियम ताजे बघा.

२. नाव घालण्याआधी कार्यक्रमपत्रिकेत 'हस्तकला केंद्राला भेट' किती वेळा लिहिलंय ते मोजा. प्रत्येक वेळचा एक-दीड तास अवशेषांतून वजा होतो.

३. इफेससचा संगमरवर गुळगुळीत आहे, चपला नकोत. सावली जवळजवळ नाही. टोपी, पाणी, गोळ्या ज्याच्या त्याच्या खिशात. फोनसुद्धा!

४. एकत्र जाणार असाल तर कोण कुणाबरोबर आहे हे मोठ्यानं बोलून ठरवा. "मला वाटलं" या शब्दांनी अर्धा तास खाल्ला आमचा.

५. निघण्याच्या आदल्या दिवशी गाईडला सांगून ठेवा की बरोबरच्या वडीलधाऱ्यांना अमुक एक गोष्ट बघायची आहे. आधी सांगितलं तर दहा मिनिटं निघतात. आणि त्यासाठी आधी त्यांना विचारावं लागतं.

बसच्या टूरची टिंगल मी आता करत नाही. बाबांना चार दिवसांत एक माणूस भेटलं ज्यानं त्यांचा प्रश्न ऐकून घेतला, ते त्या बसमुळे. माझ्या एक्सेल शीटमध्ये ती सोय नव्हती.

पुढच्या महिन्यात आई-बाबा परत जातील. डिसेंबरात मी घरी जाणार आहे, आणि बाबांनी आत्ताच सांगून ठेवलंय, भिगवणवरून पुढे पळसदेवला जायचं. तोवर पाणी उतरलेलं नसेल, देऊळ दिसणार नाही, हे त्यांनीच सांगितलं. मी म्हणालो, चालेल, काठावर बसू. गाडी मी चालवीन, गाईड तुम्ही.

लोभ असावा.

आपला,
मागून तिसऱ्या रांगेतला